हात धुत नाही, कुलपं तपासत नाही, तरी ओसीडी? आणि थेरपीत नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे 27 वर्षांचे आहेत. ताईचं बाळ आठ महिन्यांचं. काही महिन्यांपासून बाळाजवळ गेलं की ‘आपण याला सुरी मारली तर?’ असा विचार मनात येतो आणि घाम फुटतो. त्यांनी सुऱ्या कपाटात मागे लपवल्या, बाळाला उचलणं सोडलं. ताईला रोज विचारतात, “मी असं काही करणार नाही ना?” विचार आला की मनात ‘रद्द, रद्द’ म्हणून बाळ हसतंय असं चित्र डोळ्यांसमोर आणतात. एका समुपदेशकाने मनगटावर रबर बँड लावून विचार आला की तो ओढायला सांगितला, त्यानंतर विचार वाढले. आता मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडीचं (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे मंत्रचळ) निदान केलंय. त्यांना तीन गोष्टी कळत नाहीत. धुणं-तपासणं काहीच नसताना हा ओसीडी कसा? थेरपीत बाळाजवळ सुरी धरायला लावतात हे खरं का? आणि औषधं जन्मभर घ्यावी लागतात का?

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदानावर शिक्का मारणं माझं काम नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांच्या निदानाशी चांगलंच जुळतं.

हात धुणं हा या आजाराचा लोकांच्या डोळ्यांना दिसणारा भाग, म्हणून मंत्रचळ म्हटलं की सगळ्यांना नळच आठवतो. आजाराची बांधणी मात्र वेगळ्या ठिकाणी असते. एका बाजूला नको असताना वारंवार घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी, म्हणजे ऑब्सेशन. दुसऱ्या बाजूला त्यातून आलेली भीती किंवा किळस शमवण्यासाठी केलेली कृती, म्हणजे कंपल्शन. ही कृती हाताने करायची तशी मनातही करता येते. तुम्ही म्हणता, मी काहीच करत नाही. तुमचं पत्र पुन्हा बघा. ‘रद्द’ म्हणणं, हसरं चित्र आणणं, ताईला विचारणं ही सगळी कंपल्शन्स आहेत. सुऱ्या लपवणं आणि बाळाला न उचलणं ही टाळाटाळ, पण कामाला ती कंपल्शनच्याच येते. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी ती असण्याची शक्यता मला दाट वाटते. विचार येऊन गेला की आत डोकावून बघायचं: ‘मला बरं तर नाही वाटलं ना? हात पुढे तर नाही सरकला ना?’ हे मनातलं तपासणं रुग्ण आपणहून क्वचित सांगतात. ते त्यांना आजाराचा भाग वाटतच नाही, विचार करणं वाटतं. त्यामुळे ‘यांना फक्त विचार येतात, कृती नाही’ अशी नोंद होते आणि उपचार भलत्याच दिशेने जातो.

आता त्या विचाराबद्दल. 1978 मध्ये स्टॅनले रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तुमच्या मनात नको ते विचार येतात का? सुमारे 80 टक्के लोक हो म्हणाले. कुणाला तरी ढकलून द्यावं, इजा करावी, अश्लील काहीतरी बोलावं, असे विचार. हे विचार आणि ओसीडीच्या रुग्णांचे विचार एकत्र करून जाणकारांना दाखवले, तेव्हा कोणता कुणाचा हे त्यांनाही नीट ओळखता आलं नाही. 2014 मध्ये अॅडम रॅडोम्स्की आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांपैकी जवळपास 94 टक्क्यांना आधीच्या तीन महिन्यांत असा किमान एक विचार येऊन गेला होता.

म्हणजे लहान बाळाजवळ बसलेल्या माणसाच्या मनात ‘हे माझ्या हातून पडलं तर?’ असं येणं ही मनाची रोजची रीत आहे. बहुतेक जण ‘काहीतरीच!’ म्हणून पुढच्या कामाला लागतात. तुम्ही तिथे थांबलात. हा विचार माझ्या मनात आला, म्हणजे माझ्यात तसं काही असणार, आणि काही घडलं तर जबाबदार मीच. पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी 1985 मध्ये याच वाढीव जबाबदारीच्या जाणिवेवर बोट ठेवलं होतं. तिच्या जोडीला आणखी एक समजूत असते: वाईट विचार येणं हे वाईट वागण्याइतकंच वाईट, किंवा विचार आला म्हणजे ते घडण्याची शक्यता वाढली. या दोन समजुती असल्या की कोणताही क्षुल्लक विचार गुन्ह्याची पूर्वसूचना वाटू लागतो. आणि तो विचार नेमका आपल्याला जे जपायचंय त्याच जागी येऊन बसतो. श्रद्धाळू माणसाला देवनिंदेचे विचार छळतात, मुलांवर जीव असणाऱ्याला मुलांना इजा करण्याचे. ज्याची पर्वाच नाही, त्याची भीती इतकी टिकत नाही.

मग तो जात का नाही? कारण तुम्ही त्याला घालवण्यासाठी जे करता, त्यानेच तो टिकतो. ताई म्हणते, “अरे, तू असं कधी करशील का?” क्षणभर हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातून मेंदू एवढंच शिकतो की धोका खरा होता आणि विचारल्यामुळे टळला. पुढच्या वेळी शंका आणखी लवकर येते, उत्तर आणखी कमी वेळ पुरतं. खाजवल्यावर खाज जशी क्षणभर भागते आणि मग वाढते, तसाच हा प्रकार.

याबद्दल मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांचा 2003 मधला प्रयोग मी रुग्णांना हमखास सांगतो. निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. शेवटी विचारलं, शेवटच्या खेपेला कोणती बटणं तपासलीत? उत्तरं बरोबर होती, स्मरणशक्ती काही कमी झालेली नव्हती. पण ज्यांनी तीच शेगडी वारंवार तपासली होती, त्यांची आठवण पुसट झाली होती आणि स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा घसरला होता. म्हणजे तपासण्याने खात्री वाढत नाही, खात्री वाटण्याची क्षमता झिजते. हे निरोगी माणसांत, काही मिनिटांत झालं. तुम्ही महिनोन् महिने स्वतःचं मन तपासताय.

रबर बँडचा सल्ला जुना आहे, एके काळी तो बराच दिला जायचा. आज तो देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डॅनियल वेगनर यांनी 1987 मध्ये लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर जास्तच आलं. वर तुमचा रबर बँड मेंदूला दर वेळी सांगतो की हा विचार शिक्षा देण्याइतका भयंकर आहे. ‘मन दुसरीकडे वळव’, ‘सकारात्मक विचार कर’ हेही ओसीडीत बहुधा याच वाटेने जातं.

थेरपीकडे वळू. ओसीडीसाठी सर्वांत भक्कम आधार असलेली थेरपी म्हणजे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, बोलताना सगळे ईआरपी म्हणतात. भीती ज्याची वाटते त्याला ठरवून, पायरी-पायरीने सामोरं जायचं आणि नेहमीचं कंपल्शन करायचं नाही. 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर याचा पहिला महत्त्वाचा अहवाल लिहिला. त्याआधी हा आजार जवळपास असाध्य मानला जायचा. त्या दोघींपैकी एकीचा त्रास दूषिततेचा आणि धुण्याचा होता, दुसरीचा मनात येणाऱ्या निषिद्ध विचारांचा. म्हणजे तुमच्यासारखा त्रास या उपचाराच्या पहिल्याच पानावर आहे.

पहिल्याच दिवशी कुणी तुमच्या हातात सुरी देणार नाही. सुरुवातीच्या एक-दोन भेटी माहिती घेण्यात जातात. किती वेळ जातो, काय टाळता, मनात काय-काय करता. तीव्रता मोजायला वाय-बॉक्स नावाची 0 ते 40 गुणांची मोजपट्टी वापरतात, मधूनमधून तीच पुन्हा भरून घेतात. मग तुम्ही घरी आठवडाभर नोंद ठेवता: विचार कधी आला, भीती किती, त्यावर काय केलं. या वहीतच बऱ्याच जणांना पहिल्यांदा दिसतं की आपण दिवसातून कितीदा ‘काहीच’ करत नव्हतो.

त्यानंतर शिडी बनते, आणि ती दोघांनी मिळून ठरवायची असते. तुमच्या बाबतीत ती साधारण अशी असू शकेल. आधी कागदावर ‘सुरी’ आणि बाळाचं नाव शेजारी-शेजारी लिहून बघत बसणं. मग सुऱ्या कपाटातून काढून नेहमीच्या जागी ठेवणं. बाळ दुसऱ्या खोलीत असताना भाजी चिरणं. पुढे बाळ त्याच खोलीत ताईच्या कडेवर असताना चिरणं. बाळाला उचलणं, कपडे बदलणं, शेवटी ताई बाहेर गेलेली असताना तासभर बाळाला सांभाळणं. बाळावर सुरी रोखायला कुणीही सांगणार नाही. सांगितलंच, तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. मोजमाप सोपं आहे: ज्या घरात हा आजार नाही तिथे माणसं जे सहज करतात, तिथपर्यंत पोहोचायचं. बाळ घरात असलं तरी लोक स्वयंपाक करतातच.

जे प्रत्यक्ष करता येत नाही, त्यासाठी कल्पनेतलं एक्सपोजर असतं. सगळ्यांत वाईट भीती वर्तमानकाळात, तपशिलाने लिहायची, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची आणि ऐकत राहायचं. शेवट गोड करायचा नाही. ‘मी कसा माणूस आहे हे मला कधीच शंभर टक्के कळणार नाही’ असा अर्धवट सोडायचा. हे वाचतानाच तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर उपचाराचं लक्ष्य तुमच्या लक्षात आलंय. लक्ष्य सुरी नाही. अनिश्चितता आहे.

एक्सपोजर दिसायला कठीण, पण उपचार बिघडतो तो बहुधा दुसऱ्या अर्ध्यात, प्रतिसाद रोखण्यात. माणूस धैर्याने बाळाला उचलतो आणि मनात ‘रद्द, रद्द’ चालूच ठेवतो. बाहेरून एक्सपोजर झालं, आत कंपल्शन झालं. बेरीज शून्य. म्हणून मी मधेच थांबवून विचारतो, “आत्ता मनात काय करताय?” मनातलं कंपल्शन हात बांधून रोखता येत नाही, ते आपोआप होऊन जातं. झालं, की लगेच त्याच्यावर पाणी फिरवायचं: “असेलही, नसेलही. मला माहीत नाही.” आणि हातातलं काम चालू. विचाराशी वाद घालायचा नाही, त्याला हाकलायचंही नाही. हे वाक्य मात्र शांत वाटावं म्हणून जपासारखं घोळवू लागलात, तर तेही कंपल्शन होतं. ओसीडी चिवट आहे, उपचाराची साधनंसुद्धा तो पळवतो.

पूर्वी आम्ही सांगायचो, भीती खाली येईपर्यंत थांबा, तोच यशाचा मापदंड. मिशेल क्रास्के आणि इतरांच्या कामानंतर भर थोडा बदलला. भीती त्या बैठकीत उतरलीच पाहिजे असं नाही. मेंदूला नवा अनुभव मिळायला हवा. म्हणून एक्सपोजरच्या आधी भाकीत लिहून घ्यायचं: ‘बाळाला दहा मिनिटं घेतलं तर माझा ताबा सुटेल’, किंवा ‘ही भीती मला सहनच होणार नाही’. नंतर काय झालं ते शेजारी लिहायचं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी, मन खराब असतानाही करायचं, म्हणजे शिकलेलं फक्त थेरपिस्टच्या खोलीपुरतं उरत नाही.

थेरपिस्टकडूनही चूक होऊ शकते, हे माहीत असू द्या. समोर माणूस रडकुंडीला आलेला असतो आणि ‘तुम्ही तसं कधीच करणार नाही’ म्हणणं सगळ्यात सोपं असतं. प्रत्येक भेटीत ते म्हटलं, की थेरपिस्ट म्हणजे शुल्क घेणारी ताई. म्हणून मीही एकदाच सांगतो: ज्या विचाराने माणूस हादरतो, जो त्याच्या इच्छेविरुद्ध येतो आणि जो टाळण्यासाठी तो आयुष्य आक्रसून घेतो, त्याला ओसीडीत छुप्या इच्छेची खूण मानत नाहीत. हा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायला येऊ नका. आलात, तर ते वहीत नोंदवा.

काही गोष्टी असल्या तर चित्र वेगळं असतं. इजा करावीशी वाटते, राग किंवा योजना आहे, आवाज ऐकू येऊन आज्ञा देतात, किंवा नुकतीच बाळंत झालेली स्त्री गोंधळलेली आहे, झोपत नाही, भलतंसलतं खरं मानते, तर तातडीने मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवं. ओसीडीसोबत नैराश्य बऱ्याचदा येतं. जगू नये असं वाटू लागलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी मदत घ्या.

औषधांबद्दल लिहितो, पण मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. ओसीडीत प्रथम एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी, नैराश्यातही वापरली जाणारी) औषधं देतात: फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन वगैरे. क्लोमिप्रमीन हे जुनं आणि परिणामकारक औषध, पण दुष्परिणाम जास्त, म्हणून बहुधा नंतर. नैराश्याला लागते त्यापेक्षा मात्रा अनेकदा जास्त लागते आणि परिणाम कळायला 8 ते 12 आठवडे जातात. पंधरा दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून बंद करणारे फार. बरं वाटल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. काहींना जास्त काळ लागतं, पण सगळ्यांना जन्मभर नाही. आणि थेरपी घेतलेल्यांना औषध सोडणं सोपं जाण्याची शक्यता जास्त.

औषध की थेरपी, यावर एडना फोआ आणि सहकाऱ्यांचा 2005 मधला अभ्यास बोलका आहे. 122 रुग्ण, 12 आठवडे. फक्त ईआरपी घेणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांना ठळक फायदा झाला, फक्त क्लोमिप्रमीनवर 42 टक्क्यांना, दोन्हींवर 70 टक्क्यांना आणि औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीवर 8 टक्क्यांना. 62 आणि 70 मधला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम नव्हता. माझा कल असा: त्रास सौम्य ते मध्यम असेल आणि चांगला थेरपिस्ट मिळत असेल, तर आधी ईआरपी. तीव्र असेल, सोबत नैराश्य असेल किंवा भीतीमुळे पहिली पायरीच चढवत नसेल, तर दोन्ही. आणि या आकड्यांचा दुसरा अर्थही लपवू नये: काहींना पहिल्या प्रयत्नात पुरेसा फायदा होत नाही. त्यांच्यासाठी पुढचे मार्ग आहेत, औषध बदलणं, दुसरं जोडणं, थेरपी आणखी सघन करणं.

ताईशी बोला, शक्यतो थेरपिस्टच्या समोर. तिने प्रेमापोटीच धीर दिलाय, तिला दोष नाही. पण आता दोघांनी आधीच करार करायचा. तुम्ही विचारलंत की तिने म्हणायचं, “हा तुझा ओसीडी विचारतोय. मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच बसलेय.” रागाने नाही, टोमण्याने तर नाहीच. एकदम बंद करणं जमलं नाही तर दिवसाला एकच प्रश्न, मग एक दिवसाआड. सुरुवातीला तुम्ही चिडाल, वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न विचाराल, तिचा चेहरा वाचून उत्तर काढायचा प्रयत्न कराल. हे होणार, हे तिलाही माहीत असू द्या.

किती काळ लागेल? साधारण 12 ते 20 भेटी, आणि त्याहून महत्त्वाचा रोजचा गृहपाठ. आठवड्यातला एक तास खोलीत आणि उरलेले दिवस टाळाटाळ, असं केलं तर काही हलत नाही. ताण, अपुरी झोप, मोठे बदल या काळात विचार पुन्हा डोकं वर काढतील, कदाचित वेगळ्या विषयाचे. तेव्हा उपचार फसला असं नसतं. तीच शिडी त्या विषयासाठी पुन्हा मांडायची असते.

थेरपिस्ट निवडताना पहिल्याच फोनवर विचारा: ओसीडीसाठी तुम्ही ईआरपी करता का? मनातल्या कंपल्शनवर कसं काम करता? गृहपाठ देता का? उत्तर ‘आपण बालपणाबद्दल बोलू, मन मोकळं झालं की थांबेल’ असं आलं, तर दुसरा नंबर फिरवा. आणि तो विचार तोंडाने उच्चारणं जमत नसेल, तर कागदावर लिहून न्या आणि टेबलावर सरकवा. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी असे कागद पुष्कळ वाचलेले असतात.